ज्यांनी गाडीची थट्टा केली

ओहोटीला पाणी मागे सरलं की आमच्या अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पुळणीचा एक लांबच लांब पट्टा उघडा पडतो. वरची, सुरूच्या बनाला लागून असलेली वाळू कोरडी आणि भुसभुशीत. तिथे मुंबईकरांच्या गाड्या दर शनिवार-रविवारी रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधायची धावपळ होते. खालची, पाण्यालगतची वाळू मात्र इतकी घट्ट असते की सायकल सहज पळते. त्या ओल्या वाळूवर पाऊल टेकवून बघा. पावलाभोवतीचा घेर क्षणभर फिका, कोरडा दिसतो आणि पाय उचलला की पुन्हा ओला होतो. दाब पडला की दाटीने बसलेले कण एकमेकांवरून सरकताना थोडे फाकतात, मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याची नीट फोड करून दाखवली. आमच्या बैलगाडीवाल्यांना हे वाळूत उतरल्या उतरल्या टाचेला कळतं. इथल्या किनाऱ्यांवरच्या शर्यती याच पट्ट्यावर होत आल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा त्या थांबल्या आणि डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा सुरू झाल्या. वेळ ठरवताना माणूस आधी तिथी विचारतो. उधाणाची भरती कधी, पाणी किती वाजता उतरणार, पट्टा किती रुंद मिळणार, हे आधी. बाकी सगळं मागाहून.

मला मोटारगाड्यांच्या इतिहासाचं वेड आहे आणि त्या इतिहासाचा फार मोठा तुकडा अशाच ओल्या वाळूवर घडला, याचं मला किनाऱ्यावरचा माणूस म्हणून विशेष वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या होत्या, पण त्यांना पळायला धड रस्ते नव्हते. सपाट, सरळ, मैलोन्‌मैल मोकळी जागा कुठे मिळणार? अमेरिकेत फ्लोरिडाच्या ऑर्मंड आणि डेटोना किनाऱ्यावर मिळाली. १९०६च्या जानेवारीत फ्रेड मॅरियट या गृहस्थाने तिथे वाफेवर चालणारी स्टॅन्ली गाडी ताशी २०५ किलोमीटरने पळवली. वाफेवर! गाडीचा आकार उलट्या ठेवलेल्या होडीसारखा. पेट्रोलवाल्यांना तो आकडा गाठायला पुढे काही वर्षं लागली.

ब्रिटनमध्ये हेच वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर चाललं होतं. तिथली एक गोष्ट मी कुणालाही सांगायला लागलो की थांबत नाही. जॉन पॅरी-टॉमस हा मोटारींचा इंजिनिअर. काउंट लुई झ्बोरोव्स्की या शौकीन शर्यतवाल्याच्या निधनानंतर त्याची एक अवाढव्य गाडी टॉमसने विकत घेतली. आत विमानाचं लिबर्टी इंजिन, २७ लिटरचं. आज आपल्याकडच्या साध्या गाडीचं इंजिन सव्वा लिटरच्या आसपास असतं, यावरून काय ते समजा. टॉमसने ती सुधारली, तिला 'बॅब्ज' असं लाडाचं नाव दिलं आणि एप्रिल १९२६मध्ये पेंडाइनला ताशी २७५ किलोमीटरचा विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्पबेलने त्याच किनाऱ्यावर तो मोडला. टॉमस पुन्हा आला. ३ मार्च १९२७ रोजी विक्रम परत मिळवायच्या धावेत बॅब्ज उलटली आणि तो जागच्या जागी गेला. लोकांनी त्या गाडीला तिथेच, किनाऱ्यावरच्या वाळूत खड्डा खणून पुरलं. माणूस गेल्यावर त्याच्या जनावराला मूठमाती द्यावी तसं. पुढची बेचाळीस वर्षं ती वाळूखाली होती. १९६९ साली ओवेन विन ओवेन नावाच्या वेल्श इंजिनिअरने परवानग्या मिळवून तिला उकरून काढलं. पत्रा खाऱ्या वाळूने खाल्लेला, इंजिनाची दशा झालेली. त्याने कित्येक वर्षं खपून ती पुन्हा चालती केली.

खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते आम्हाला सांगायला नको. स्कूटरच्या मडगार्डला दुसऱ्या पावसाळ्यात भोक पडतं. त्यामुळे बॅब्ज पुन्हा धडधडली हे वाचलं तेव्हा मला त्या विक्रमापेक्षा त्या उकरणाऱ्या माणसाचंच जास्त अप्रूप वाटलं.

विक्रमाच्या या गाड्या जसजशा वेगवान झाल्या तसतशा त्या गाडीसारख्या दिसेनाशा झाल्या. हेन्री सीग्रेव्हची 'गोल्डन ॲरो' बघा. १९२९च्या मार्चमध्ये डेटोनाच्या वाळूवर ती ताशी ३७२ किलोमीटरने गेली. लांब, खाली दबलेली, सोनेरी, नाक बाणाच्या टोकासारखं. ती काही बाजारात जायला केलेली नव्हती, तिच्यातून कुणी मुलांना शाळेत सोडणार नव्हतं. विक्रमाची ती एक धाव झाली आणि तिचं काम संपलं. तिने आयुष्यभरात कापलेलं अंतर अलिबागहून पनवेलला जाऊन यायला पुरणार नाही. एकाच कल्पनेसाठी जन्मलेल्या अशा वस्तूबद्दल मला फार आदर आहे. १९३५ साली कॅम्पबेलने वाळूची ऊबडखाबड पाठ सोडून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ३०० मैलांचा टप्पा ओलांडला आणि वेगाच्या विक्रमांनी समुद्राचा निरोप घेतला. शर्यतींनी मात्र डेटोना सोडलं नाही. १९५९ साली तिथे पक्का ट्रॅक झाला, आणि तिथल्या 'डेटोना ५००' या शर्यतीच्या विजेत्याला जी ट्रॉफी देतात तिला एका गाड्या रेखाटणाऱ्या माणसाचं नाव आहे. हार्ली अर्ल. ट्रॉफीच्या माथ्यावर जी छोटी गाडी बसवली आहे ती कधीही कुठल्याच शर्यतीत उतरली नाही. ती त्याने नुसती दाखवण्यासाठी केलेली होती.

शर्यतीच्या ट्रॉफीवर शोभेची गाडी! मला यात काहीच विसंगत वाटत नाही. उलट मोटारीचा इतिहास कसा वाचावा याची खूण तिथे सापडते. कुठल्या कंपनीने किती गाड्या खपवल्या याचे तक्ते एका बाजूला. गाडीला ताणून ताणून कुठवर नेता येईल हे बघणारी माणसं दुसऱ्या बाजूला. शर्यतवाला तिला वेगात ताणतो, चित्रकार आकारात ताणतो. आणि या दोघांच्या मागोमाग एक तिसरा येतो, तो हसण्यात ताणतो. या तिसऱ्याकडे मला यायचं आहे, पण वाटेत मातीचा मुक्काम आहे.

हार्ली अर्लचे वडील कॅलिफोर्नियात घोडागाड्या आणि पुढे मोटारींचे साटे बांधायचे. हॉलिवूडच्या नटांना हव्या तशा गाड्या करून देताना पोराने एक गोष्ट उचलली: पत्रा ठोकण्याआधी आकार मातीत करून बघायचा. १९२७ साली जनरल मोटर्सने त्याला डेट्रॉईटला नेऊन त्याच्या हाताखाली एक खातंच काढून दिलं. तोवर गाडीचा आकार म्हणजे इंजिनिअरांनी आत जे काही मांडलं त्यावर टाकलेलं झाकण असे. अर्लने ते उलटं केलं. पूर्ण आकाराची गाडी आधी मातीत उभी राहायची, मगच पुढचं.

ही माती आपल्या शाडूसारखी नसते. तिच्यात पाणी नसतं, मेण आणि तेल असतं. भट्टीत गरम करून मऊ करायची, लाकडाच्या सांगाड्यावर हातांनी थापायची आणि गार होऊन कडक झाली की पात्यांनी, तारेच्या फासांनी तासत जायचं. ती वाळत नाही म्हणून तिला तडे जात नाहीत आणि आज काढलेली उद्या परत लावता येते. पेणला गणपतीच्या कारखान्यांत मी लहानपणापासून जात आलो आहे. तिथे शाडूला तडा जाऊ नये म्हणून किती जपतात ते बघितल्यामुळे ही न वाळणारी माती मला चैनीची वाटते. पण पुढचं काम मात्र तेच. पेणला एका कारखान्यात एक म्हातारे कारागीर मूर्तीच्या पोटावरून ओला हात फिरवून झाला की पाट उचलून दाराशी न्यायचे आणि उजेड आडवा घ्यायचे. मान तिरकी करून बघायचे. सोंडेच्या वळणावर उजेड कुठे तुटतोय का, पोटाच्या गोलाईवर कुठे चपटा पडतोय का. मोटारीच्या स्टुडिओतही तासून झालेल्या मातीवर चांदीसारखी चकचकीत पातळ फिल्म ताणून बसवतात आणि सगळे जण लांब उभे राहून बघतात की प्रकाशाची रेघ दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत अखंड वाहते की मध्येच अडखळते. बोटांना जे कळलं नाही ते उजेडाला कळतं. पेणच्या त्या आजोबांना मी एकदा विचारलं होतं, "आजोबा, चपटेपणा डोळ्याला दिसतो का खरंच?" ते म्हणाले, "दिसत नाही रे. सलतो."

अर्लने १९३८ साली 'ब्यूक वाय-जॉब' नावाची गाडी केली. विकायची नाही, फक्त उद्याची गाडी कशी असेल ते दाखवायची, असं ठरवून मोठ्या कंपनीने केलेली ही पहिली गाडी मानली जाते. आजच्या भाषेत कॉन्सेप्ट कार. दिवे पापणीआड लपणारे, काचा विजेवर खालीवर होणाऱ्या, दाराच्या मुठी पत्र्यात बुजवलेल्या. अर्ल ती गाडी स्वतः वर्षानुवर्षं डेट्रॉईटच्या रस्त्यांवर फिरवायचा. हे मला सर्वांत आवडतं. तिला काचेच्या पेटीत ठेवली नाही. चालवली, मळवली, लोकांची तोंडं बघितली. महायुद्धानंतर जनरल मोटर्सने 'मोटोरामा' नावाची प्रदर्शनं गावोगाव नेली आणि तिथे फिरत्या चौथऱ्यांवर असल्या गाड्यांची रांगच लागली. ट्रॉफीवर आहे ती 'फायरबर्ड १' १९५४च्या मोटोरामात आली. विमानाला चाकं लावल्यासारखी, आत गॅस टर्बाइन. १९५८च्या 'फायरबर्ड ३'मध्ये स्टिअरिंगचं चाकच नव्हतं. मध्ये एक दांडा. तो पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक, बाजूला केला की वळण. डोक्यावर दोघांसाठी दोन वेगळे काचेचे बुडबुडे.

शेपटीला पंख लावायची साथही अर्लच्या स्टुडिओतूनच पसरली. लॉकहीडचं पी-३८ लढाऊ विमान बघून १९४८च्या कॅडिलॅकला छोटीशी पिसं आली, आणि १९५९पर्यंत ती गाडीच्या अंगाबाहेर वाढली. ते निव्वळ दागिने होते. त्याच काळात इटलीत फ्रँको स्काल्योने याने बर्तोने कारखान्यासाठी अल्फा रोमिओच्या तीन 'बी. ए. टी.' गाड्या केल्या, १९५३ ते १९५५ दरम्यान. त्यांनाही पंख होते, वटवाघळासारखे आत वळलेले, पण ते हवेशी बोलून ठरवलेले. वाऱ्याला होणारा अडथळा मोजायचा जो गुणांक असतो, तो मधल्या गाडीचा ०.१९ इतका कमी होता. आजही नव्या कोऱ्या गाड्यांना तो आकडा सहजी गाठता येत नाही. दोन्हीकडे अतिशयोक्तीच, पण मी इटलीच्या बाजूचा.

इटलीचं म्हणाल तर १९७०चं वर्ष अद्भुत होतं. मार्चेल्लो गांदिनी हा गाड्या रेखाटणारा बर्तोनेकडे होता आणि त्याने तूरिनच्या प्रदर्शनात 'स्ट्रॅटोस झीरो' आणली. उंची ८४ सेंटीमीटर. दारं नाहीत; पुढची काच वर उचलायची आणि नाकावरून पाय टाकून आत शिरायचं. गाडी कसली, पाचर. सांगतात की कारखान्याचा मालक नुच्चो बर्तोने ती स्वतः चालवत लान्चिया कंपनीच्या फाटकावर गेला आणि आडव्या दांड्याच्या खालून तशीच आत निघून गेला. लान्चियाला रॅलीसाठी गाडी हवीच होती. त्या भेटीतून पुढे गांदिनीनेच आखलेली, फेरारीचं इंजिन असलेली खरीखुरी स्ट्रॅटोस जन्मली आणि तिने लान्चियाला १९७४, १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवून दिलं. बर्फात, चिखलात, घाटांत. ज्या आकाराला बघून लोक म्हणाले असतील की हे खेळणं आहे, त्या आकाराने मॉन्टे कार्लोचे घाट जिंकले.

हे वाचताना मला दर वेळी आपल्या इचलकरंजीची आठवण येते. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली स्वतःच्या हिमतीवर छोटी गाडी बांधली आणि पुढे पंचवीस वर्षं तिची एकामागून एक रूपं करत राहिले. 'मीरा' तिचं नाव. मध्यमवर्गीय माणसाला परवडावी एवढाच त्यांचा हट्ट होता. कारखान्यात तिचं उत्पादन कधी सुरू झालं नाही, परवान्यांच्या काळात अडकली ती अडकलीच. गांदिनीच्या मागे तूरिन होतं. शंकररावांच्या मागे कोण होतं? आपल्याकडे गाडीच्या इतिहासावर बोलताना मीराला दोन ओळी मिळतात. तिला अख्खं दालन मिळायला हवं, तिच्या प्रत्येक रूपासह.

आता तो तिसरा माणूस.

कॅलिफोर्नियात एड रॉथ म्हणून एक धिप्पाड अवलिया होता. जत्रांमधून टी-शर्टांवर राक्षस रंगवून विकायचा. डोळे बाहेर आलेले, जिभा लोंबणारे, हातात गिअरचा लांबलचक दांडा आणि अंगाखाली इवलीशी गाडी धूर ओकत पळतेय. त्याचा 'रॅट फिंक' नावाचा हिरवा उंदीर अमेरिकेतल्या पोरांनी डोक्यावर घेतला. पण रॉथ नुसती चित्रं काढून थांबला नाही. १९६१ साली त्याने 'बीटनिक बँडिट' ही गाडी बांधली. वर काचेचा एकच बुडबुडा आणि आत स्टिअरिंगच्या जागी एक दांडा. फायरबर्ड ३ला येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत मोटार कंपनीने जे केलं तेच एका माणसाने गॅरेजात, प्लास्टरचा ढिगारा कोरून त्यावर फायबरग्लास चढवून केलं.

फायबरचं काम काय असतं ते मी रोज बघतो. आमच्याकडे आता लाकडी होड्या कमी आणि फायबरच्या जास्त. साच्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळायचा, ब्रशने चोपडायचा आणि रोलरने हवेचे बुडबुडे काढत जायचं. हात भराभर चालवावा लागतो, कारण हार्डनर जास्त पडला की बादलीतच दगड होतो. वास डोक्यात जातो, तंतू कातडीत शिरून दोन दिवस खाज सुटते. रॉथ हे सगळं अंगावर घेत होता, एका विनोदासाठी. राक्षसाच्या अंगाखालची ती खोटी गाडी खरी करून दाखवण्यासाठी. याला मी टवाळी म्हणणार नाही.

ब्रूस मॅकॉलची तऱ्हा वेगळी. हा कॅनडाचा. तरुणपणी मोटारींच्या जाहिरातींची चित्रं रंगवायचा: गाडी असते त्याहून लांब दाखवायची, असते त्याहून रुंद दाखवायची, शेजारची माणसं लहान काढायची. फोटोंनी ते काम खाल्लं. पुढे अमेरिकेत त्याने मर्सिडीजच्या जाहिराती लिहिल्या आणि मग विनोदी नियतकालिकांत त्याने जुनं सगळं बाहेर काढलं. 'बल्जमोबाइल' नावाची एक काल्पनिक कंपनी काढली आणि तिच्या १९५८ सालच्या गाड्यांचं आख्खं पत्रक रंगवलं. क्रोमचे डोंगर, आगगाडीएवढी लांबी, आत बसून आनंदाने वेडं झालेलं कुटुंब. ब्रशचं काम इतकं अस्सल की पहिल्या नजरेला माणूस फसतो. तो फसवू शकला, कारण ती लांबवण्याची विद्या त्याच्या हातात होती. ज्याने ती खोटी लांबी पोटासाठी रंगवली त्यालाच ती किती हास्यास्पद आहे हे आतून ठाऊक. २०२३ साली तो गेला. इंग्लंडच्या रसेल ब्रॉकबँकचीही तीच कथा. त्याच्या व्यंगचित्रांतल्या शर्यतीच्या गाड्या विनोदी असूनही तांत्रिक तपशिलात पक्क्या असत.

आपल्याकडे दिवाळी अंकांनी हास्यचित्रं बघायची नजर दिली. शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची चित्रं बघत आमच्या पिढ्या वाढल्या. त्या चित्रांत वस्तू कशी नेटकी असते बघा. हसू विसंगतीचं असतं, वस्तूच्या ढिसाळपणाचं नसतं. वस्तू नीट ओळखल्याशिवाय तिची गंमत करता येत नाही, आणि ओळख व्हायला लोभ लागतो. मोटारींच्या बाबतीत मी जितकं वाचलं, पाहिलं, तितकं मला हेच दिसत आलं. गाड्यांची सर्वांत चांगली थट्टा गाड्यांवर जीव टाकणाऱ्यांनीच केली.

आमच्या आळीतल्या पोरांनी एका होळीला सोंग काढलं होतं. मिनीडोरची रेसिंग गाडी. अलिबागकरांना मिनीडोर सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: पुढे एक चाक, मागे दोन, आणि बसायला जितके मावतील तितके. रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत आमची आयुष्यं या तीन चाकांवर गेली. पोरांनी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खळ लावून वर्तमानपत्रं. मागे पोफळीच्या विऱ्यांचे दोन उंच पंख. दिव्यांच्या जागी करवंट्या. बाजूला मोठा आकडा. आत चार पोरं, खाली त्यांचे आठ पाय. मिरवणुकीआधी एक मिनीडोरवाले काका येऊन उभे राहिले. वाटलं, आता रागावणार. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरं, आरसा दोरीनं बांधलेला कुठं हाय? आरशाला दोरी नाय ती मिनीडोर नाय." मग स्वतःच्या गाडीचा जुना रबरी भोंगा काढून आणला आणि कामटीला तारेने बांधून दिला. वर पोरांना बजावलं, वळणावर पुढचं चाक उचललं गेल्यासारखं एका बाजूला कला, सगळ्यांनी एकदम. पोरं तशी कलली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जो हशा आला तो ओळखीचा हशा होता. त्या वळणावर तसं कलंडून घाबरलेलीच माणसं ती.

शर्यत, चित्रकारी आणि थट्टा एकाच अंगावर उतरली ती १९७१च्या जूनमध्ये, फ्रान्समध्ये ल मांस इथे. चोवीस तासांची शर्यत. पोर्शेची '९१७' ही गाडी तेव्हा सगळ्यांना भारी पडत होती. तिची दोन अंगं होती: आखूड शेपटीची, वळणांवर भरवशाची, आणि लांब शेपटीची, सरळ रस्त्यावर अतिवेगवान. दोन्हींचे गुण एकत्र आणावेत म्हणून सेरा या फ्रेंच संस्थेबरोबर एक नवं अंग बेतलं गेलं. बसकं, गोलमटोल, चाकांच्या बाहेर दोन्हीकडे फुगलेलं. हवेच्या हिशेबाने बरोबर असेल, पण बघवेना. ते दिसायचं लठ्ठ.

पोर्शेच्या स्टुडिओचा प्रमुख तेव्हा अनातोल लापीन होता. जन्म रिगाचा, आणि तरुणपणी काम केलेलं कुठे? डेट्रॉईटला, जनरल मोटर्सच्या स्टुडिओत, जिथे अर्लचं राज्य होतं. मातीवरची प्रकाशाची रेघ कशी वाहते हे शिकलेला माणूस. त्याच्यासमोर ही बेढब गाडी आली. दुसरा कुणी असता तर पट्टे ओढून तिचं पोट लपवायला बघितलं असतं. लापीनने आणि त्याच्या स्टुडिओने तिला डुकरासारखी गुलाबी रंगवली. मग खाटकाच्या दुकानातल्या तक्त्यावर असतात तशा लाल तुटक रेषा तिच्या सगळ्या अंगावर काढल्या आणि प्रत्येक तुकड्यावर जर्मनमध्ये नाव घातलं. पुढे नाकाड, मागच्या चाकावर मांडी. शर्यतीच्या गाडीवर जाहिराती असतात. हिच्या अंगावर मटणाचा हिशेब होता. लोकांनी तिला 'गुलाबी डुक्कर' म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत.

आणि ती गाडी पळाली. राइनहोल्ड योस्ट आणि विली काउझेन हे दोघे ती आलटून पालटून चालवत होते. सराव फेऱ्यांत ती सातवी आली. रात्र कापत ती पुढच्या गाड्यांच्या पंगतीत टिकून होती आणि शर्यत अर्धी होण्याच्या सुमाराला आर्नाज नावाच्या वळणाच्या बाजूला अपघात होऊन बाद झाली. योस्ट सुखरूप होता. त्या वर्षी जिंकली तीही ९१७च, आखूड शेपटीची. हेल्मुट मार्को आणि गिस व्हान लेनेप यांनी तिच्यात चोवीस तासांत ५,३३५ किलोमीटर कापले आणि तो अंतराचा विक्रम २०१०पर्यंत कुणाला मोडता आला नाही. इतका थोर पराक्रम. पण त्या विजेत्या गाडीचा रंग कोणता होता ते शर्यतींच्या पंडितांनाच विचारावं लागतं. डुक्कर मात्र शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

मला यात लापीनचं धैर्य दिसतं. फॅक्टरीची गाडी, ल मांससारखी शर्यत, आणि आपल्याच अभियंत्यांनी हवेच्या बोगद्यात घाम गाळून केलेलं अंग. त्यावर असली थट्टा करायची म्हणजे एक तर त्या गाडीबद्दल तुच्छता हवी, नाहीतर पराकोटीची माया. तुच्छता असती तर रेषा इतक्या विचारपूर्वक पडल्या नसत्या. ते तुकडे गाडीच्या पत्र्याच्या वळणांबरोबर चालतात. जिथे अंग फुगतं तिथेच मांडी येते, जिथे निमुळतं होतं तिथेच नाकाड. उजेड कुठे सलतो ते ज्याला कळत होतं, त्यानेच तो सल रंगवून उघडा केला.

२०१८ साली पोर्शेने आपल्या ९११ आरएसआर गाडीला तीच कातडी पुन्हा चढवली. तोच गुलाबी, त्याच तुटक रेषा. सत्तेचाळीस वर्षांनी डुक्कर पुन्हा ल मांसच्या रात्रीत उतरलं आणि या वेळी आपल्या गटात पहिलं आलं. मूळची गाडी पोर्शेने जतन करून ठेवली आहे. स्टुटगार्टच्या त्यांच्या संग्रहालयात ती मांडलेली असेल तेव्हा मला तिथे जायचंय. मागच्या मांडीपासून सुरुवात करून एकेक नाव वाचत नाकाडापर्यंत यायचंय, आणि जाताना त्या मिनीडोरवाल्या काकांना सोबत न्यायचंय. गाडीला एक फेरी मारून, खाली वाकून बघून ते तिच्याबद्दल काय म्हणतात, ते मला ऐकायचंय.